तीन वाजताचा पारा

नळदुरुस्तीच्या कामातून आप्पा निवृत्त झाले, पण हात गप्प बसतील तर शपथ! वरच्या मजल्यावरची त्यांची खोली म्हणजे निव्वळ भट्टी. तीन वर्षांपूर्वी सुट्टीत लेक आणि नात राहायला आल्या, तर दुसऱ्याच दिवशी नात घामोळ्यांनी लालेलाल. लेकीने बॅगा भरल्या. "आप्पा, खोली थंड झाली की कळवा. महिनाभर राहते."

झालं! आप्पांनी कंबर कसली. चार घरांचं आंघोळीचं पाणी पाइपाने फिरवून खडी-वाळूच्या टाकीत आणलं, तिथून गाळून पंपाने गच्चीवर. गच्चीभर वाफे, वर जाळी, जाळीवर वेली. शेजारी चिडवायचे, "आप्पा, आता वर मासे सोडा!"

"सोडतो की. आधी नात येऊ दे."

रोज दुपारी तीनला भिंतीवरचा पारा बघून ते लेकीला फोन करायचे. पहिल्या वर्षी एकोणचाळीस, दुसऱ्या वर्षी छत्तीस. "अजून जरा उतरू दे," लेक म्हणायची. दोन मिनिटं का होईना, आवाज तरी कानावर पडायचा.

यंदा वेलींनी जाळी झाकली आणि भर उन्हाळ्यात पारा एकतीसवर आला. आप्पांनी नवी गादी आणली, चादर दोनदा झटकली आणि फोन लावला. "एकतीस! ये गं आता!"

पलीकडून लेक म्हणाली, "अरे वा... पण आप्पा, यंदा हिचा पोहण्याचा क्लास आहे. शिवाय ह्यांची रजा... आणि ते हे..." लहानपणी खोटं बोलतानाही ती अशीच अडखळायची. पोरीला यायचंच नव्हतं. उन्हाला उगाच बोल लावला इतकी वर्षं! बरं, आता उद्या फोन तरी कशाच्या निमित्ताने करायचा?

दुसऱ्या दिवशी तीन वाजता ते नव्या गादीवर बसले. खिडकीतून वेलींचा गारवा येत होता. पारा तीसवर होता. त्यांनी फोन लावला.

"आज किती, आप्पा?" लेकीने दबकत विचारलं.

"काही विचारू नकोस बाई. पंप बिघडलाय, वेलींनी माना टाकल्यात. सदतीस."

"अगं बाई! मग कसं यायचं आम्ही?" लेकीचा आवाज एकदम मोकळा झाला, आणि त्या दिवशी ती चक्क वीस मिनिटं बोलत राहिली.