समईखालची परात

घटाची सातवी माळ होती. सून बबिता डेंग्यूनं पाटोद्याच्या दवाखान्यात पडलेली, रामेश्वर तिच्यापाशी, आणि त्यांची चार वर्षांची राजनंदिनी माझ्याजवळ.

सकाळी रामेश्वरचा फोन आला. "आई, बबिताच्या पेशी अजून उतरल्यात. पोरीला जप. हा डास दिवसा चावतोय, साठलेल्या चांगल्या पाण्यात होतोय. टिपाड रिकामं केलं का?"

"केलं बाबा. रांजण, कुंड्या, समदं घासून उपडं ठेवलंय."

तरी पोरीच्या पायावर डास बसतच होते. मी पदरानं हाकलत होते. शेजारच्या सारजाबाई म्हणाल्या, "देवीला वारा घालताव का डासाला, अक्का?" मला हसू आलं नाही.

दुपारी समईत तेल घालायला वाकले. मुंग्या चढू नयेत म्हणून आमच्याकडं अखंड समई पाण्याच्या परातीत ठेवतात. घट उठेपर्यंत ती हलवायची नसते, म्हणून परातही उपसायची नाही. पाणी आटलं की वरून तांब्यानं घालायचं. त्याच पाण्यात बारीक आळ्या वळवळत होत्या.

"सारजाबाई, जरा समई धरा."

"हलवायची? घट बसलेत, अक्का. लोक कोप झाला म्हणतेन."

"मला म्हणू द्या."

देवीचं नाव घेत घेत समई पाटावर घेतली. ज्योत वाकली, पण राहिली. परात अंगणातल्या तापल्या मातीत ओतली आणि कडेला अंडी चिकटतात म्हणून राखेनं घासली.

आत आले तर राजनंदिनी भिंतीला टेकून बसलेली. मान तापली होती. "आज्जी, डोळे दुखतेत."

माझी नजर समईकडं गेली. समई हलवली म्हणून? मग वाटलं, आजच्या डासाचा ताप आजच कसा येईल? चावा आधीच बसला असणार.

रामेश्वर फोनवर म्हणाला, "पॅरासिटामॉलचं औषध तेवढं दे, दुसरी दुखण्याची गोळी न्हाई. पाणी पाजत घेऊन ये."

सारजाबाईंनी दार अडवलं. "घट बसल्यावर शीव ओलांडत न्हाईत, अक्का."

"माहीत हाय. समईत तेल घालत राहा."

सारजाबाई दारातून बाजूला झाल्या. पोरीची चप्पल शोधून त्यांनीच तिच्या पायात घातली.

जीपमध्ये ती पाण्याला तोंड लावेना. मी पदराचं टोक भिजवून ओठाला लावलं. "एक घोट, माय. एकच घोट."