राईची उशी

बाळ गेल्यापासून किन्नरीचा डोळ्याला डोळा लागत नव्हता. म्हणून तिच्या सासूबाईंनी, बांनी, आज तिला हट्टाने भावनगरच्या बाजारात मेमरी फोमची उशी निवडायला आणलं होतं.

"पंजा दाबा, बेन," दुकानदार म्हणाला.

किन्नरीने दाबला. बोटं उमटली आणि बघता बघता पुसली गेली.

"हीच खुबी. खूण राहत नाही."

"मग मेमरी कसली, भाई? माझ्यापेक्षा विसराळू दिसते मेली," बा म्हणाल्या.

किन्नरी हसली नाही. डोकं गोल व्हावं म्हणून बांनीच बाळासाठी राई भरून उशी शिवली होती. पाळण्यातल्या त्या उशीत डोक्याचा वाटीएवढा खळगा अजून तसाच होता. धक्का लागेल म्हणून किन्नरी तिथे केरसुद्धा काढू देत नसे.

"घेऊ या ही," ती हळूच म्हणाली. "मी झोपेन, बा. फक्त त्या उशीला कुणी हात लावू नका."

राईची उशी नजरेआड झाली की पोरीला झोप येईल, असं बांना वाटलं होतं. आम्ही बाहेर पडलो की ती उसव आणि राई चबुतऱ्यावर पाखरांना टाक, असं त्या सकाळीच मुलाला सांगून आल्या होत्या.