घराचं लंगडणं

"सुई टोचली ती टोचली, निदान सरळ तरी टोचायची," सासूबाई हाताकडे बघत पुटपुटल्या. "मी असा टाका घातला असता तर गिऱ्हाईकाने कपडा तोंडावर फेकला असता."

"परिचारिका शिवत नव्हत्या, आई. रक्त घेत होत्या," सून म्हणाली.

"काम कुठलंही असो, हात बसलेला हवा."

सकाळी शिवणयंत्रावर बसल्या बसल्या त्यांच्या छातीत कळ आली आणि जबड्यापर्यंत चढली, म्हणून सुनेने त्यांना तातडीच्या विभागात आणलं होतं. आता छातीला वायरी चिकटवून त्या पडद्याआडच्या खाटेवर पडल्या होत्या. पडल्या म्हणजे नुसत्या टेकल्या होत्या. चपला खाली, दाराकडे तोंड करून. पहिली तपासणी धड चांगली नव्हती, धड वाईटही नव्हती. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, संध्याकाळी रक्त पुन्हा तपासेपर्यंत हलायचं नाही. हा झटक्याचा इशारा असू शकतो. वाटेत काही झालं तर आमच्या हातात काही राहणार नाही.

सासूबाईंनी शहाण्यासारखी मान डोलावली आणि डॉक्टरीणबाईंची पाठ वळताच घरी फोन लावला.

"अगं, धुण्याचं मशीन सुरूच होत नाहीये," सासऱ्यांचा आवाज फोनबाहेर सांडला. "कपडे भिजून पडलेत. मीठही सापडेना. कधी येतेस?"

"गुडघा मारा मशीनला, डाव्या अंगाला. सगळं मीच सांगायचं का?" फोन ठेवताना सासूबाईंच्या चेहऱ्यावर किती वेळाने रंग आला. "ऐकलंस ना? मिठापासून ओरड आहे. बोलाव त्या डॉक्टरीणबाईंना. माझ्या जबाबदारीवर जाते म्हणून कुठे सही करायची ती करते आणि निघते."

सुनेला खरं माहीत होतं. मीठ सासऱ्यांना डोळे बांधूनही सापडलं असतं. मशीन तर केव्हाच दुरुस्त झालं होतं. सासूबाई बहिणीकडे राहायला गेल्या होत्या, तेव्हाच. त्या दिवसांत घर तेल घातल्यासारखं चाललं होतं. परत आल्यावर त्यांनी चकचकीत ओटा पाहिला, ताटातलं निमूट खाल्लं आणि त्या पुढे कित्येक दिवस पुसलेलीच फडताळं पुन्हा पुसत राहिल्या. तेव्हापासून कुणी न ठरवता घरात ठरलं, की त्यांचा हात नसला की घराने थोडं लंगडायचं. पहिलं दूध सुनेनेच मुद्दाम उतू जाऊ दिलं होतं, त्यांच्या देखत.

ती पडद्याबाहेर आली आणि तिने सासऱ्यांना फोन लावला. "बाबा, मीठ सापडलं म्हणून सांगा त्यांना."

"अगं, तिला वाईट वाटेल."

"त्या निघाल्यात, बाबा. डॉक्टर नको म्हणत असताना."

पलीकडे भांडं ठेवल्याचा आवाज आला. मागे मशीन छान घुमत होतं. "तूच सांग," सासरे म्हणाले. "इतक्या वर्षांत तिला असलं काही बोललो नाही मी. माझ्याच्याने नाही व्हायचं."

ती आत आली तेव्हा सासूबाईंची सही झाली होती आणि परिचारिका वायरी सोडवत होती. सासूबाई पायाने चप्पल चाचपत होत्या. सुनेने वाकून दोन्ही चपला उचलल्या आणि त्या मांडीवर घेऊन ती स्टुलावर बसली.

"हे काय गं?"

"मशीनला गुडघा लागत नाही आता. दुरुस्त केलंय. आत्ताही चालू आहे, मी ऐकलं."

"आणि मीठ?"

"शेगडीशेजारी. तुम्ही ठेवता तिथेच."

परिचारिकेचा हात वायरीवर थांबला. सासूबाई सुनेकडे न बघता मांडीवरच्या चपलांकडे बघत राहिल्या. "मग मी बाहेर असले की हे फोनवर विचारतात ते?"

सुनेने चपलांची धूळ हाताने पुसली. पुसण्यासारखं त्यांवर काही नव्हतं.

"तुमच्यावाचून घर चालतं, आई," ती म्हणाली. "नीट चालतं."