पाहुण्यांसाठी सोडलेले पाणी

मित्रांनो, ते साल होते १९९६. त्या वर्षी आमच्या गावातल्या सगळ्यात सरळ माणसाने एक लबाडी केली, आणि तीही मला हाताशी धरून.

मी एक जुनी लोखंडी चावी आहे. कुलपाशी मात्र माझा कधीच संबंध आला नाही. मी कमरेइतकी उंच, वर आडवी मूठ, खाली चौकोनी तोंड. मोडक्या गाडीच्या आसातून लोहाराने मला घडवले. रस्त्यातल्या लोखंडी झाकणांखाली पाण्याचे व्हॉल्व्ह असतात ना, ते मी उघडते आणि बंद करते.

माझे धनी पाणीवाले काका. रोज सकाळी मला खांद्यावर टाकून ते चौकात येत. तिथे तीन व्हॉल्व्ह होते. खालच्या आळीचा तीन फेरे उघडायचा, मधल्या आळीचा पाच आणि वरच्या आळीचा पुरा. मग मला व्हॉल्व्हवर उभी करून काका माझ्या मुठीला कान लावत. पाइपातला आवाज माझ्या अंगातून वर चढे आणि पाणी कुठवर पोचले ते त्यांना कळे.

मला फार कुतूहल वाटे. मी पाणी नुसते ऐकत असे. ते जाते कुठे, हे कधी पाहिले नव्हते. ही घरघर कोणाकडची? हा धबधब आवाज कोणाच्या मोरीतला? काका सांगत, "हा चहावाला. सगळ्यांच्या आधी बादली लावतो लेकाचा!" सगळ्यात शेवटी, अगदी लांबून, एक बारीक शीळ ऐकू येई. "पोचलं शिवणवाल्या मावशींकडे," असे म्हणून काका घरची वाट धरत. मावशींचे घर वरच्या आळीत, चढाच्या टोकाला. गावातला शेवटचा नळ त्यांचा.

त्या वर्षी टेकडीमागच्या कुरणावर नवी वसाहत बांधायचे ठरले. आधी साठ घरे, मग आणखी दोनशे. गावाचे पाणी पुरेल का, हे तपासायला पाणीखात्याचे साहेब येणार होते. ते मावशींच्याच नळावर दाब मोजणार, असा निरोप आला.

त्या सकाळी काका चौकात आले ते इस्त्रीचा सदरा घालून. "परकी माणसं येणार," ते स्वतःशीच पुटपुटले. "त्यांच्यासमोर नळ खोकत बसला तर गावाची काय शोभा राहील?" आणि त्यांनी खालच्या आणि मधल्या आळीचे व्हॉल्व्ह घट्ट आवळून टाकले. खालचे पाइप असे गप्प का केले, याचे मला नवल वाटत राहिले.

वर मावशींच्या नळाने म्हणे साहेबांचे बूट भिजवले. "अगंबाई! बारा वर्षांत असं पाणी पाहिलं नाही," मावशी हसत सुटल्या. साहेबांनी कागदावर लिहिले, 'पाणी भरपूर.' पाहुणे खूश झाले, काकाही खूश झाले. त्या एका कागदावर दोनशे साठ घरे उभी राहणार आहेत, हे त्यांच्या ध्यानातही आले नाही.

मग ट्रक आले. दोन बैलगाड्यांच्या मापाचा आमचा रस्ता. त्याला गुडघाभर खड्डे पडले. मधल्या व्हॉल्व्हचे झाकण तडकले. वसाहतीतल्या साठ घरांत माणसे आली. शाळेचा एक वर्ग व्हरांड्यात बसू लागला. दवाखान्यातल्या नर्सबाईंपुढची रांग फाटकाबाहेर गेली. मला पाइपांत नवे नवे आवाज ऐकू येऊ लागले. पहिल्यांदा मजा वाटली. मग एके दिवशी ती शेवटची बारीक शीळ आलीच नाही.

मावशी कळशी घेऊन चौकातल्या सार्वजनिक नळावर उतरू लागल्या. "काका, त्या दिवशी साहेबांच्या बुटात गेलं ते पाणी आता कुठं गेलं हो?" शेजारीच वसाहतीतल्या शिक्षिका बादली घेऊन उभ्या होत्या. मावशींनी त्यांनाही सोडले नाही. "तुम्ही आलात आणि आमचं पाणी पळालं!"

"मावशी, घर घेताना आम्हालाही तोच कागद दाखवला होता," त्या म्हणाल्या. "पाणी भरपूर."

घरी मी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात उभी असे. तिथे काकांनी सगळे काकूंना सांगितले. "उरलेल्या दोनशे घरांसाठी रविवारी सभा आहे. पुन्हा तोच कागद वाचणार. बोललो तर नोकरी जाईल. अब्रूही."

काकू भाजी चिरत होत्या. "आणि नाही बोललात, तर त्या अब्रूनं मावशीची कळशी भरणार आहे का?"

सभा शाळेत भरली. साहेबांनी कागद वाचला. काका मला घेऊन उठले. "ते आकडे खोटे आहेत. मी बाकीचं गाव बंद करून ते पाणी दाखवलं."

"काका, बसा," गावसमितीच्या अध्यक्षबाई म्हणाल्या. "काहीतरीच काय बोलता!"

"मग चला चौकात."

सगळी सभा चौकात आली. मावशी आपल्या नळापाशी गेल्या. काकांनी त्या दिवशीसारखे दोन व्हॉल्व्ह आवळले. वरून मावशींची हाक आली, "आलं, आलं! भरभरून आलं!" आणि लगेच खालून चहावाला ओरडला, "अहो, माझा नळ मेला!" लोक हसले. काकांनी रोजच्यासारखे फेरे दिले, मला वरच्या आळीच्या व्हॉल्व्हवर उभी केली आणि म्हणाले, "साहेब, आता कान लावा. पाणी मावशींकडे पोचलं की शेवटी बारीक शीळ येते."

साहेबांनी माझ्या मुठीला कान लावला. शेवटची शीळ कुठेच नव्हती.

पुढे काय झाले ते सांगते. दोनशे घरे थांबली. आधी टेकडीवर नवी टाकी आणि रुंद रस्ता झाला, मगच ती बांधली; त्यात चार वर्षे गेली. साहेबांनी कागदावरचे ते शब्द स्वतःच्या हाताने खोडले आणि त्यांची दूर बदली झाली. काकांची नोकरी गेली ती गेलीच. पण ते दिसले की मावशी दारातून हाक मारत, "काका, पाणी पिऊन जा!" आता काका नाहीत. काकू लेकीकडे असतात. मावशींचे शिवणयंत्र त्यांची सून चालवते. चहावाला अजूनही सगळ्यांच्या आधी बादली लावतो म्हणे.

नव्या व्हॉल्व्हना चाके आली आणि मी अडगळीत पडले. वसाहतीतल्या त्या शिक्षिकांनी मला शोधून, गंज घासून, शाळेच्या भिंतीवर टांगले. तुम्ही मला रोज पाहता. मित्रांनो, तुमच्या गावात कोणी काही मोजायला आले, तर गाव आहे तसेच दाखवा, खोकणाऱ्या नळासकट. आणि माझे एक काम करा. कधीतरी मला खाली काढा, चौकात वरच्या आळीच्या व्हॉल्व्हवर उभी करा आणि माझ्या मुठीला कान लावा. ती शेवटची शीळ पुन्हा येऊ लागली का, एवढेच मला ऐकायचे आहे.