मागचा डावा कोपरा

मी एक जुना ट्रेलर आहे, आणि मित्रांनो, उद्या सकाळी मला मोडायला नेणार आहेत. म्हणून काय सांगायचं ते आजच सांगतो.

माझ्या जातीला टॉय हॉलर म्हणतात. म्हणजे खेळणी वाहून नेणारा. पुढे घर असतं, त्यात पलंग, शेगडी, न्हाणी, सगळं. मागे गॅरेज. मागची अख्खी भिंत खाली उघडते, तिचा उतार होतो आणि त्यावरून मोटरसायकल आत चढते. ही खेळणी पोरांची नव्हेत बरं का, साठी ओलांडलेल्यांची. आमच्या ॲरिझोनाच्या वाळवंटात अशी माणसं पुष्कळ. निवृत्त झाली की घरदार विकतात आणि कायमची ट्रेलरात राहायला येतात. नातेवाईक म्हणतात, साठी बुद्धी नाठी. म्हणोत बापडे.

माझे पहिले मालक लेलँड आणि ओपल हे जोडपं. लेलँडने तीस वर्षं शाळेची बस चालवली होती. ट्रेलर निवडायला आले तेव्हा ओपलने पिशवीतून कढई काढली आणि माझ्या शेगडीवर ठेवून पाहिली. लेलँड न्हाणीत शिरला आणि दार लावून संडासाच्या भांड्यावर बसला.

"अगं, गुडघे दाराला लागतात!"

"मग गुडघे बाहेर ठेव. तुझ्यासाठी राजवाडा कुठून आणू?"

मग दोघं पलंगावर आडवी होऊन छताकडे बघत राहिली. ओपल म्हणाली, "घेऊ या. भांडण झालं तर तुला झोपायला मागे गॅरेज आहे." माझा जन्म कारखान्यात झाला असं कागदावर लिहिलंय, पण मला विचाराल तर तो त्या वाक्याने झाला.

नऊ वर्षं मी त्यांचं घर होतो. हिवाळा वाळवंटात, उन्हाळा उत्तरेत. उत्तरेला निघण्याआधी लेलँड शिडी लावून माझ्या छपरावर चढायचा आणि सांध्यांवर पांढरा लेप द्यायचा. पुढे त्याचे गुडघे गेले. उत्तरेला जाणं थांबलं, ती दोघं बारा महिने इथेच राहू लागली.

"लेलँड, यंदा छप्पर राहिलं की रे," ओपल म्हणायची.

"वाळवंटात कुठला आलाय पाऊस! उगाच वर चढून कंबर मोडून घेऊ?"

इथे राहणाऱ्या सगळ्यांची हीच चूक होते. पाऊस नाही म्हणून छपराकडे बघायचं नाही. पण ऊन असतं ना! उन्हाने लेप तडकतो. ऑगस्टमध्ये एका दुपारी वादळ आलं आणि अर्ध्या तासात मागच्या डाव्या कोपऱ्यातून पाणी आत शिरलं. भिंतीच्या आतून उतरलं आणि फरशीखालच्या फळीत मुरलं. कुणाला दिसलं नाही. पुढच्या दोन ऑगस्टांत तेच झालं. मग लेलँड वारला, ओपलला तिची लेक घेऊन गेली आणि मी जुन्या ट्रेलरांच्या यार्डात येऊन पडलो.

यार्डवाल्याने पहिल्याच दिवशी त्या कोपऱ्यात टाच दाबून पाहिली. फळी मऊ लागली. दुसऱ्या दिवशी त्याने वर काळी रबरी चटई चिकटवली आणि कुबट वास झाकायला खिडकीत सुवासिक मेणबत्ती ठेवली. दोन वर्षं मी तो कोपरा जिवाच्या आकांताने धरून ठेवला. मला परत कुणाचं तरी घर व्हायचं होतं. गेल्या आठवड्यात यार्डवाला कुणाला तरी म्हणाला, "शनिवारपर्यंत विकला गेला तर ठीक, नाहीतर वरचं घर मोडा आणि खालच्या लोखंडी सांगाड्याची गवताची गाडी करा."

आज शुक्रवार. सकाळी बॉईड आणि त्याची बायको व्हर्नेल आले. नेब्रास्कातलं घर त्यांनी विकलं होतं आणि आठ दिवसांत किल्ल्या द्यायच्या होत्या. व्हर्नेलचे पाय गेले आहेत, ती बॅटरीच्या तीनचाकीवर फिरते, काठी मांडीवर ठेवून. सव्वीस ट्रेलर बघून झाले होते आणि प्रत्येकाला पायऱ्या. यार्डवाल्याने माझा उतार खाली टाकला.

बॉईड तिला उचलायला वाकला. "हात लावू नकोस," ती म्हणाली. तीनचाकी गुरगुरत वर चढली आणि ती आत आली.

"बॉईड, मी माझी मी आत आले रे! वर्षभरात पहिल्यांदा कुठल्यातरी घरात मी माझी मी आले."

बॉईडने टोपी काढून डोळे पुसले. "मग झालं तर. हाच घ्यायचा."

मित्रांनो, मला किती आनंद झाला म्हणून सांगू! पण लगेच ती म्हणाली, "माझा पलंग तिकडे, मागच्या डाव्या कोपऱ्यात. खिडकीपाशी."

यार्डवाला त्या कोपऱ्याच्या वाटेतच उभा होता, फळी दबू नये म्हणून पाय बरोबर फरशीखालच्या लोखंडी तुळईच्या वर ठेवून. "बाई, पसंती झकास आहे! पण लवकर ठरवा, दुपारी दुसरं गिऱ्हाईक येतंय." तो कागद आणायला गेला. बॉईडने खिशातलं पेन काढलं.

मी काय करणार होतो? मला ना तोंड, ना हात. कोपरा तसाच धरून राहिलो तर मी वाचत होतो. पण त्या फळीवर तिचा पलंग, ती आणि तिची गाडी. एक दिवस तळ सुटला असता, आणि त्यांना परत जायला घर उरलं नसतं.

ती खिडकीतून बाहेर बघायला कोपऱ्याकडे वळली. तिचं पुढचं चाक चटईवर आलं आणि मी कोपरा सोडून दिला.

फळी मोडली. चाक वीतभर आत गेलं. व्हर्नेलने भिंतीचा आधार घेतला, तर भिंतीचा पत्रा तिच्या हातात आला आणि आतून काळा ओला भुसा सांडला. बॉईडने तिला धरलं, चटई उचकटली आणि कागद घेऊन येणाऱ्या यार्डवाल्यावर ओरडला, "हिला झोपवणार होतो मी इथे! इथे!"

व्हर्नेल मात्र माझ्या भिंतीवर हात ठेवून बसून राहिली. "किती छान होता रे हा," ती म्हणाली. "कुणीतरी नुसतं छप्पर बघायला हवं होतं."

ती दोघं माझा उतार उतरून गेली. त्यांना अजून घर नाही. आठ दिवस आहेत.

पण जाताना पलीकडच्या रांगेतल्या एका टॉय हॉलरचा उतार त्यांनी उघडायला लावला. पलंग कुठे, शेगडी कशी, काही विचारलं नाही. व्हर्नेल सरळ मागच्या डाव्या कोपऱ्यात गेली आणि काठीने जमीन ठोकू लागली. टक, टक, टक. मग उजवा कोपरा. आवाज भरीव येत होता.

मित्रांनो, तुमच्या डोक्यावर जे कुठलं छप्पर असेल, त्यावर वर्षातून एकदा कुणीतरी चढा. पाऊस नसला तरी चढा. मला आता कुणी नको. पलीकडच्या रांगेतून ती काठी मात्र अजून ऐकू येते आहे, ती थांबत नाही तोवर मी ऐकतो.