धुतलेली काठवट

सकाळी काठवटीचं झाकण काढलं आणि पाहते तर काय! आदल्या दुपारी मळलेलं पीठ जसंच्या तसं पडलं होतं. ना फुगलं, ना आंबलं.

"एदुविहिस, वास का येत नाही गं?" आमच्या मालकीणबाई, डोन्या एर्सिलिया, मागून म्हणाल्या. उद्या वादळ येणार म्हणून रेडिओ ओरडत होता, आणि भट्टीच्या दारात आमचं समुद्रकाठचं अख्खं सांचेस गाव डबे घेऊन उभं होतं. वादळात चुली पेटत नाहीत. आठवडाभर पोटाला आमची सोडा बिस्किटंच.

त्यांनी काठवटीच्या कडेवरून बोट फिरवलं. लाकूड स्वच्छ, पांढरं! त्यांच्या आजेसासऱ्यांनी जहाजावरची दगडासारखी बिस्किटं बंद करून सोड्याची सुरू केली, तेव्हापासून या काठवटीला धुण्याचं पाणी लागलं नव्हतं. फटींतलं जुनं पीठच नव्याला आंबवतं. पीठच आंबलं नाही, तर त्यात सोडा घालून करायचं काय, डोंबल?

"कुणी धुतली?"

काल पीठ मळण्याआधी ती धुतली होती त्यांच्या नव्या सुनेने, नेरेइदाने; मळलंही तिनेच. आणखी एक चूक झाली की माहेरी पाठवीन, असं सासूने तिला आधीच बजावलं होतं. आणि तिच्या डोक्यात हे घातलं कुणी? मीच मेलीने! परवा गमतीत टोमणा मारला, "अहो सूनबाई, सगळं घर घासताय, या काठवटीनेच काय पाप केलंय?" पोरीला ते खरं वाटलं.

मी बोलायला हवं होतं. पण एकोणीस वर्षांची नोकरी डोळ्यांपुढे आली आणि मी हातातलं झाकणच पुसत राहिले.

"मी धुतली, आई," नेरेइदा म्हणाली.

"थांब, देते एक बिस्कीट!" थोबाडीत मारण्याला आमच्याकडे असंच म्हणतात. मालकीणबाईंचा हात वर गेला. "कुणी सांगितलं तुला?"

नेरेइदाने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "कुणी नाही. पण फटींतलं खरवडलेलं फेकवलं नाही, आई." तिने फळीवरून कॉफीचा डबा काढला. आत वाळक्या पिठाच्या खपल्या होत्या.

मालकीणबाईंनी वास घेतला, कोमट पाण्यात खपल्या कालवल्या, वर मूठभर पीठ घातलं. "दुपारपर्यंत फुगलं तर राहशील. नाही तर बोचकं बांध."

सगळी सकाळ आम्ही तिघी त्या डब्याभोवती बसलो. पोरीचे ओठ पांढरेफटक पडले होते. दुपारी एक बुडबुडा आला, मग दहा आले. आंबूस वास सुटला तशी ती हमसून रडायला लागली.

ते कालच्या पिठात मिसळून, सोडा घालून भाजलं, आणि संध्याकाळी भट्टीतलं पहिलं बिस्कीट सासूने सुनेच्या हातावर ठेवलं. तिने ते मोडून अर्धं मला दिलं. घास तोंडात नुसता फिरत राहिला.

"मालकीणबाई, काठवटीवरून तिला टोमणा मी मारला होता," मी म्हणाले.

माझ्या थोबाडीत सणसणीत बसली. तेव्हा कुठे तो घास घशाखाली उतरला.