न थरथरणारा हात

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाची आठवण लोकांना अडकल्यावरच येते. फिटरला मात्र त्याखेरीजही ओळखणारी चौदा माणसं होती, आणि ती चौदाच्या चौदा एका जुन्या सिनेमापायी ठार वेडी होती.

सिनेमा पस्तीस वर्षांपूर्वीचा. यंत्रं माणसांवर उलटतात, आणि पहारेकरी नावाचं एकच यंत्र माणसांच्या बाजूने उभं राहतं. दोन तास धडाधड मारामारी. शेवटी तुटलेल्या पुलावरून एक मुलगी लटकते, पहारेकरी तिचा हात धरतो, आणि त्याचा तो लोखंडी हात अकरा सेकंद थरथरतो. मग तो तिला वर ओढून घेतो. झालं, एवढंच. पण त्या अकरा सेकंदांवर या मंडळींनी अर्धं आयुष्य ओवाळून टाकलं होतं. मंडळाचं नावच मुळी ‘अकरा सेकंद’. वर्षातून एकदा मास्तरांच्या भिंतीवर सिनेमा लागायचा. मास्तर म्हणजे भूमितीचे निवृत्त शिक्षक आणि मंडळाचे तहहयात अध्यक्ष. हाताचा प्रसंग आला की कोणी खोकायचंसुद्धा नाही असा दंडक होता. एका वर्षी एकाला तिथे शिंक आली, तर पुढची दोन वर्षं त्याला दाराजवळ बसवला होता.

ती थरथर मुळात अभिनय नव्हता, हे फिटरला पहिल्यांदा पाहतानाच कळलं होतं. “आतली मोटर बसायला आली होती. लोड झेपत नव्हता तिला,” असं तो सगळ्यांना सांगायचा, आणि सांगता सांगता त्याचा गळा दाटून यायचा. बायको म्हणायची, “माझ्या बाळंतपणात नाही हो इतके हळवे झालात.” ती एका तपासणी केंद्रात लोकांचं रक्त काढायची. दिवसभर माणसांना सुया टोचून घरी आल्यावर तिला हळवेपणाचं फारसं कौतुक उरत नसे.

तर या सिनेमाचा कोणीतरी नवा अवतार काढला. नवे नट, नवा पूल, आणि पहारेकरी सगळा कॉम्प्युटरवर बनवलेला. बातमी आली तेव्हा मंडळात सुतक पडल्यासारखं झालं. बघायला जायचंच नाही, असं एक मत होतं. मास्तरांनी ते खोडून काढलं. “न बघता शिव्या देणं अडाणीपणा आहे. बघून द्यायच्या.” मग ठरलं की पहिल्या दिवशी पहिला खेळ धरायचा, एक अख्खी रांग घ्यायची, आणि शेवटी नावं सुरू झाली की सगळ्यांनी उभं राहून पडद्याकडे पाठ करायची. शेवटचं नाव जाईपर्यंत तसंच उभं राहायचं. निषेध, पण शिस्तीत.

आदल्या दिवशी खारूचा फोन आला. खारू म्हणजे फिटरची एकुलती एक लेक. लहानपणी सदा काहीतरी कुरतडत असायची म्हणून खारू. आता चार तासांवरच्या शहरात एका कंपनीत सिनेमांची कॉम्प्युटरवरची कामं करायची. नेमकी कुठल्या सिनेमाची, ते बाहेर बोलायचं नाही असं तिच्याकडून लिहून घेतलेलं होतं. त्यामुळे विचारलं की तिचं उत्तर ठरलेलं, “आहे एक.”

“बाबा, उद्या जाताय ना? पूर्ण बघा हं. अगदी शेवटपर्यंत.”

“आमचं मंडळ शेवटपर्यंतच थांबतं,” फिटर म्हणाला.

आणि थांबलं की. पंधरा माणसं ताठ उभी राहिली, पडद्याकडे पाठ करून. समोर पॉपकॉर्नच्या रिकाम्या पिशव्या गोळा करणारी बाई त्यांच्याकडे बघतच राहिली. पाठीमागे नावं जात होती, शेकड्यांनी. फिटरने मान तसूभरही वळवली नाही.

त्याच्या डोक्यात एकच गोष्ट घणाचे घाव घालत होती. हात थरथरला नव्हता. नव्या पहारेकऱ्याने मुलीचा हात धरला, घट्ट, शांत, आणि लगेच वर घेतलं. खुंटीवरची पिशवी काढावी तसं. घरी येऊन तो चपला न काढताच लिहायला बसला. खारूचा फोन वाजला, त्याने कापला. पुन्हा वाजला. ‘लिहितोय, नंतर’ असं कळवलं. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा त्याला नेमकं वाक्य सापडलं होतं, म्हणून त्याने फोन पालथा घातला. मंडळाच्या पानावर त्याने लिहिलं: ‘हा हात ज्याने बनवला, त्याने जन्मात कुणाचा हात धरलेला नसावा.’

झोपेपर्यंत ते वाक्य नऊशे जणांनी पुढे पाठवलं होतं. सकाळी चाळीस हजार. कोणीतरी ते हाताच्या चित्राखाली छापून काढलं. कोणी दुकानातल्या पुतळ्याचा तुटलेला हात दाखवून वर तेच लिहिलं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या लिफ्टा चालवून दिल्या, आज आपण स्वतः वर चाललोय, असं काहीसं त्याच्या मनात येऊन गेलं. बायको डबा भरत म्हणाली, “लेकीला फोन करा आधी. रात्री मला नुसतं ‘झोपते’ म्हणाली. आवाज बरा नव्हता तिचा.”

“करतो दुपारी.”

दुपारी तो एका सात मजली कचेरीच्या गच्चीवर, लिफ्टच्या मशीनच्या खोलीत होता. खाली दारावर ‘काम चालू आहे’ची पाटी लावलेली, पॅनल उघडं, हाताला ग्रीस. फोन वाजला. मंडळाच्या ग्रुपवर मास्तरांनी लिहिलं होतं, ‘सापडली.’ खाली सिनेमाच्या शेवटच्या नावांमधल्या एका ओळीचा फोटो. ‘पहारेकरी : हात व बोटांची हालचाल’, आणि त्यापुढे एकच नाव.

ते नाव त्याने स्वतः ठेवलं होतं. शाळेच्या फॉर्मवर स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं. पुढे त्याचं नाव होतं, मग आडनाव. नावासारखं नाव असतं, असेल कुणाचंतरी, असं त्याने मनाशी तीनदा म्हणून पाहिलं. मास्तर खारूला घरच्या नावाने ओळखत आणि त्याला नुसतं फिटर म्हणून, त्यामुळे त्यांना काही पत्ता नव्हता. त्यांच्या ओळीखाली लोक उत्साहाने लिहीत होते, ही कुठे काम करते ते शोधलंय, हिचा फोटो मिळालाय, हिला आपण हात पाठवू या, कुरिअरने.

फिटर पॅनलसमोर तसाच खाली बसला. खालून कोणीतरी ओरडून विचारत होतं, लिफ्ट कधी चालू होणार.

पहिली चूक त्याने तिथेच केली. स्वतःचं लिहिलेलं पुसून टाकलं. ते इतक्या ठिकाणी छापून गेलं होतं, की पुसल्याने एवढंच झालं, लोक विचारायला लागले का पुसलं. मग त्याने दुसरी केली. ग्रीसच्या बोटांनी लिहिलं, ‘ती माझी मुलगी आहे. तिला त्रास देऊ नका. हात चांगला आहे.’ पाच मिनिटांत त्याचंही चित्र झालं. बापालासुद्धा लाज वाटली. बापाने पलटी मारली. घरातच हात धरला नाही वाटतं कधी. हे शेवटचं वाचून त्याने फोन खिशात टाकला आणि तडक मास्तरांच्या घरी गेला. जाताना ‘काम चालू आहे’ची पाटी काढायची राहिली.

मास्तर चहा पीत होते. दार त्यांनीच उघडलं, पण आत या म्हणाले नाहीत.

“मास्तर, तेवढी ती ओळ काढा. लोकांना थांबवा. तुमचं ऐकतील.”

“भावना समजते फिटर. पण असं बघा, उद्या माझ्या मेव्हण्याने पूल बांधला आणि तो पडला, तर पूल छान होता असं मी म्हणू का?”

“पोरीला पुतळ्याचे हात पाठवताहेत हो.”

“ते चूकच. तसं लिहितो मी. पण नाव काही मी खोटं नाही टाकलं. पडद्यावर होतं.” मग मास्तर म्हणाले, “तुम्हीच बघितलं असतंत, तर काल ते वाक्य लिहिलं नसतंत.”

“पाठ करायची, हे तुम्ही ठरवलं होतं.”

“हात कोणी वर केला होता पहिल्यांदा?”

फिटरनेच केला होता.

खारू फोन उचलत नव्हती. आईला दिवसातून एकदा ‘ठीक आहे’ एवढंच येत होतं. कंपनीने तिला चार दिवस घरीच राहायला सांगितलंय, हे तिच्या मैत्रिणीकडून कळलं. कचेरीच्या दारात कोणीतरी खोक्यातून हात आणून ठेवले होते, अकरा. तिसऱ्या दिवशी बायकोने नवऱ्यासमोर पिशवी आदळली. आत पाण्याची बाटली, पोळीचा डबा, आणि त्याचा धुतलेला शर्ट.

“जा.”

“ती दार नाही उघडायची.”

“मग बंद दारात उभे राहा. ‘ठीक आहे’ म्हणणारी माणसं मी रोज बघते. सुई काढली की तीच आधी कोसळतात.” मग खुर्चीत बसत ती हळू आवाजात म्हणाली, “मी आले असते. पण मी आले तर ती माझ्याजवळ रडेल आणि तुम्ही सुटाल.”

चार तासांच्या बसमध्ये त्याने मनात निदान वीस भाषणं तयार केली. खारूच्या इमारतीची लिफ्ट चालू होती, तरी तो चार मजले जिन्याने चढला. लिफ्टमध्ये आरसा असतो. दाराशी उभं राहून त्याने बेल दाबली, मग पुन्हा दाबली. बऱ्याच वेळाने साखळी लावलेलं दार वीतभर उघडलं. खारूचे केस विंचरलेले नव्हते आणि अंगात घरातला जुना स्वेटर होता. तिने बापाकडे, मग त्याच्या हातातल्या पिशवीकडे पाहिलं.

“आईने पाठवलं?”

“हो. नाही. मीच आलो.”

“एकच विचारते. माझा आहे हे माहीत नव्हतं तुम्हाला तेव्हा. खरंच वाईट होता का हात?”

वीसच्या वीस भाषणं कुठल्या कुठे गेली. पस्तीस वर्षांत या सिनेमाबद्दल तो कुणाशी एक शब्द खोटं बोलला नव्हता. साहेबाशी बोलला असेल, बायकोशी तर नक्कीच, पण सिनेमाबद्दल कधी नाही. “छान होता ग,” तो म्हणाला. “मी नीट बघितलाच नव्हता. चांगला होता चांगला.”

खारूने क्षणभर त्याच्याकडे पाहिलं आणि दार लावून घेतलं. आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

“खारू.” त्याने दारावर थाप मारली. समोरच्या घरातल्या बाईंनी दार किलकिलं करून पाहिलं आणि लावून घेतलं. “खारू, ऐक. नाही आवडला मला. खोटं बोललो आत्ता. तो हात बघून मला वाटलं, कुणीतरी माझ्या घरातली वस्तू उचलून नेली. पण मी लिहिलं ते वाईट लिहिलं. हात आवडला नाही, एवढंच लिहायला हवं होतं. बनवणाऱ्याबद्दल नको होतं लिहायला. कुणीही असता तरी.”

मग दाराच्या अगदी जवळून आवाज आला.

“तुम्ही तिथे थांबवायचात, बाबा.”

“काय?”

“टेप. मी पाच वर्षांची असल्यापासून. हात थरथरायला लागला की तुम्ही बटण दाबून थांबवायचात, आणि मला मोटर समजावायचात. लोड, बेअरिंग, सगळं. ती मुलगी तिथे लटकलेलीच असायची. तुमचं संपेपर्यंत. मला वाटायचं, आता हा सोडणार. रोज वाटायचं. तुम्ही म्हणायचात, बघ कशी गप्प झाली, समजतंय हिला.”

फिटरने दाराला हात लावून ठेवला होता, तो तसाच राहिला.

“कंपनीत मला म्हणाले, थरथर ठेवू या, लोकांना हवी असते. दीड वर्ष भांडले मी. म्हटलं, नाही, हा धरेल तर नीट धरेल. वाटलं होतं, तुम्ही शेवटी नाव बघाल आणि फोन कराल. मी तर केलेच होते तीन.”

“आता मी लिहितो. सगळं हे, जसंच्या तसं. लोकांना कळू दे.”

“नका लिहू काही, बाबा. प्लीज. राजीनामा पाठवला मी सकाळी.”

त्याच्या खिशात फोन थरारला, मग पुन्हा. कोण काय लिहीत होतं कुणास ठाऊक. त्याने तो बाहेर न काढता, आतल्या आत चाचपडत बंद केला. काहीतरी बोलायला हवं होतं, आणि जे जे सुचत होतं ते सगळं काहीतरी समजावून सांगण्यासारखं होतं. तो पायरीवर बसला. पिशवी मांडीवर घेतली.

“तुमची परतीची गाडी किती वाजता आहे?” आतून विचारलं.

“साडेसहा.”

पावणेतीन वाजत होते. दाराच्या पलीकडे फरशीवरून काहीतरी ओढल्याचा आवाज झाला, स्टूल असावं, आणि त्यावर कोणीतरी बसलं. दार बंदच होतं. फिटरने तोंड उघडलं, मग मिटलं, आणि गप्प बसून राहिला.